बस्ता बांधायला उल्हासनगरला जाताना

मंडळी, लग्नसराई आली की बस्त्यासाठी कल्याणकडची वाट धरावी लागते. कल्याणहून कर्जतच्या गाडीने दुसरे स्टेशन उल्हासनगर. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी जुन्या लष्करी छावणीत वसवलेले हे गाव. इथल्या गजानन मार्केटात कापड स्वस्त मिळते. पण ‘सेल’ची पाटी पाहून भुलू नका. छापील किंमत ही जास्तीत जास्त किंमत असते. तिच्यावरची सूट म्हणजे फायदा नव्हे. आधी चार दुकाने फिरा. कापड चोळून पाहा; खळ झडली तर वीण विरळ समजा. ओला पांढरा रुमाल घासून रंग तपासा, पन्हा मोजा. पक्की पावती घ्या. फसगत झाल्यास १९१५ या ग्राहक क्रमांकावर तक्रार करताना तीच कामी येते. पैसा घामाचा आहे, घाई कशाला?