मावशी, नवं यंत्र घेऊ का?

बालमित्रांनो, जमिनीखालचं सोनं कानांनी शोधतात असं सांगितलं तर हसाल ना? पण मी ते पाहून आलेय!

मे महिन्याच्या सुट्टीत मी ताईकडे मेलबर्नला गेले होते. आपल्याकडे उन्हाळा, तर ऑस्ट्रेलियात थंडीची चाहूल! पहिल्याच रविवारी भाचेबुवा आम्हाला मोलिआगुलला घेऊन गेले. मेलबर्नपासून सुमारे २०० किलोमीटरवरचं हे चिमुकलं गाव. भोवती निलगिरीचं रान, माती कोकणातल्या जांभ्यासारखी तांबडी आणि मधूनमधून पांढऱ्या गारगोट्या.

इथे १८६९ साली जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना झाडाच्या मुळाशी, जेमतेम इंचभर मातीखाली, सोन्याचा गोळा सापडला. त्यात ७० किलोंहून जास्त सोनं होतं! तराजूत मावेना म्हणून ऐरणीवर ठेवून त्याचे तुकडे केले. पुढे १९८० साली जवळच्याच किंगोवरला केविन हिलियर यांना २७ किलोंचा गोळा मिळाला. तो मात्र धातुशोधक यंत्रामुळे.

भाचेबुवांकडेही असंच एक जुनं यंत्र आहे. काठीच्या टोकाला थाळी, थाळीत तारेचं वेटोळं. वेटोळ्यातून वीज खेळली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असला की यंत्राला त्याची चाहूल लागते आणि कानात 'टुंई' वाजतं. पण तांबड्या मातीतही लोखंड असतंच. त्यामुळे यंत्र सारखं उगाचच ओरडत होतं.

"मावशी, हे टाकून नवं घेऊ का? मी दोन वर्षं पैसे साठवलेत," भाचा म्हणाला. किंमत कित्येक हजार डॉलर! ताई काहीच बोलली नाही.

नव्या यंत्राची करामत अशी. मडक्यावर टिचकी मारा, आवाज लगेच विरतो. घंटेवर मारा, घुमत राहतो. नवं यंत्र विजेचा ठोका देतं आणि क्षणभर थांबून ऐकतं. मातीचा आवाज तोवर विरलेला असतो, धातूचा उरतो. अर्थात खिळाही धातूच! तोही वाजणारच.

"मग परीक्षाच घेऊ या," मी म्हटलं. शेवटी मास्तरीणच ना! आम्ही सिशाचे छर्रे पुरले, काही चार बोटं खोल, काही वीतभर. वरचे ऐकू आले, खालचे नाही. म्हणजे जुनं यंत्र कमी पडत होतं, हे खरं.

"आता सकाळी चालत होतास तसा चाल." तो थाळी उंच धरून भराभर निघाला. वरचेसुद्धा छर्रे हुकले!

भाचेबुवांचे कान लाल झाले. संध्याकाळपर्यंत थाळी जमिनीलगत धरून ते मुंगीच्या पावलांनी फिरले. कमाई? अकरा खिळे आणि बाटलीचं एक झाकण. आम्ही छर्रे वेचून घेतले, खड्डे बुजवले. तिथे सोनं शोधायला परवाना लागतो आणि खड्डा बुजवावाच लागतो.

परतताना भाचा म्हणाला, "वरचे दहाच्या दहा छर्रे ऐकू यायला लागले की मग नवं घेईन. पण मावशी, तोवर खालचं सोनं दुसऱ्याने नेलं तर?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मुलांनो, पैसे तुमचे असते तर तुम्ही काय केलं असतंत?