घोरपडीची साक्ष

सातवीच्या वर्गात सिंहगड आला की मी घोरपडीला हात घालतो आणि वर्ग माझ्यावर रुसतो. इतिहासाच्या मास्तराच्या नशिबी हे असायचेच.

गड सर झाला १६७० च्या फेब्रुवारीत. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात घोरपड कडा चढते. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत तिचा पत्ताच नाही. तिथे मावळे वानरासारखे कडा चढतात. "आता कुणाचे ऐकायचे?"

"सभासदाचे! तो महाराजांच्या वेळचा," पुढच्या बाकावरची हुशार मंडळी ओरडतात.

"पण बखर लिहिली १६९७ त, जिंजीला. सत्तावीस वर्षांनी!"

झाले, हुशारीची पंचाईत! त्यात मी आणखी भर घालतो. सिंह गेला म्हणून सिंहगड, असे घरोघर सांगतात. पण महाराजांच्या १६६३ च्या पत्रातच ते नाव आलेले आहे. पत्रेही थापा मारतात म्हणा. पण कामाच्या पत्रात किल्ल्याचे नाव लिहिताना कोण कशाला थाप मारील?

यंदा एका मुलाचे डोळे भरून आले. "म्हणजे सर, माझे आजोबा खोटे बोलले?"

वर्ग चिडीचूप. मी म्हटले, "तानाजी लढता लढता पडला, हे सभासदही सांगतो. आणि आजोबांनी घोरपडीची गोष्ट कुणाकडून ऐकली, ते त्यांनाच विचारून ये."

दुसऱ्या दिवशी त्याने वही पुढे केली. आजोबांनी आईकडून ऐकलेली. आईने गावात आलेल्या गोंधळ्याकडून. खाली त्याने स्वतःच लिहिले होते : "गोंधळ्याने कुणाकडून?"