मोडीत किंमत शून्य

शनिवार सकाळ. चहा झालाय, वॉशिंग मशीन लावलंय आणि मी पलंगावर माझे सगळे दागिने पसरून बसलेय. सगळे म्हणजे... आता तुमच्यापासून काय लपवायचं! कानातल्यांचे ७१ जोड, गळ्यातली १९, कडी आणि बांगड्या मिळून ३४. अंगठ्या मोजायचं धाडस झालं नाही. आकडे इतके नेमके कसे? तर माझ्याकडे त्यांची एक्सेल शीट आहे. काय घेतलं, कुठून घेतलं, कितीला, शेवटचं कधी घातलं. हसू नका. वीस वर्षं कोड लिहून पोट भरणाऱ्या बाईकडून दुसरी काय अपेक्षा होती तुमची?

या ढिगात सोनं गुंजभरही नाही. जर्मन सिल्व्हर, पितळ, काच, लाकूड, दोरा, कापड. आमच्या आईच्या भाषेत सगळा 'बेंटेक्सचा बाजार'. आणि यातलं नाजूक असं काहीच नाही. मला नाजूक दागिने आवडतच नाहीत. जो दागिना दिसण्यासाठी समोरच्याला चष्मा लावावा लागतो तो घालायचा कशाला? मला हवे असतात तळहाताएवढे झुमके, बोटभर रुंद कडं, दारातून माणसाच्या आधी आत येणारा हार. फॅशनच्या भाषेत याला स्टेटमेंट ज्वेलरी म्हणतात. मी हे पहिल्यांदा आईला सांगितलं तेव्हा तिने विचारलं होतं, "स्टेटमेंट? बँकेचं?"

बँकेचं नाही गं. स्टेटमेंट म्हणजे विधान. तोंड न उघडता केलेलं. यातला माझा सगळ्यात आवडता किस्सा मॅडेलीन ऑलब्राइट यांचा. बाई अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूत असताना इराकी वृत्तपत्रांनी त्यांना नागीण म्हटलं. पुढच्या वेळी इराकचा विषय निघाला तेव्हा बाई कपड्यांवर सोनेरी सापाचा ब्रोच लावून हजर! पुढे त्या परराष्ट्रमंत्री झाल्या. १९९९ मध्ये त्यांच्या खात्याच्या इमारतीत रशियनांनी लपवलेलं ऐकण्याचं यंत्र सापडलं, तर त्यानंतर रशियनांना भेटताना त्यांनी भला मोठा किडा लावला होता. इंग्रजीत किडा आणि ते यंत्र दोन्ही 'बग'च. (आमच्या धंद्यात रोजच बग सापडतात, पण त्याचा ब्रोच करावा हे कधी सुचलं नाही!) २००९ मध्ये त्यांनी या ब्रोचांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं.

पण एवढं लांब तरी कशाला जायचं? आपली नथ घ्या. अर्धा ओठ झाकणारी ती मोत्यांची नथ म्हणजे दुसरं काय आहे? आपल्या आज्या-पणज्या हे सगळं आपल्या कितीतरी आधी करून बसल्या आहेत. आणि जड कानातल्यांनी पाळी ओघळू नये म्हणून त्यांनी काढलेला उपाय तर मला फारच आवडतो : वेल. मोत्यांची ती सर कानामागून वर नेऊन केसांत अडकवली की निम्मं वजन केसांवर. शुद्ध लोड बॅलन्सिंग, मंडळी! मी तुळशीबागेतून ऐंशी रुपयांना वेलाची जोडी आणली आणि तेव्हापासून तळहाताएवढे झुमके दिवसभर घालते.

तुळशीबाग हा खरं तर वेगळ्या लेखाचा विषय. मधे पेशवाईतलं राममंदिर आणि त्याला सगळीकडून वेढून बसलेल्या कानातल्यांच्या भिंती. माझा नियम असा : शनिवारी सकाळी दुकानं उघडता उघडता पोचायचं, एकटीनं जायचं, पहिली फेरी फक्त बघण्याची. दुसऱ्या फेरीत हात लावायचा. तिसऱ्या फेरीत भाव.

"ताई, साडेतीनशे."

"दोनशे."

"ताई, भवानीची वेळ आहे, असं करू नका."

"भवानी आहे म्हणूनच दोनशे म्हणतेय. नाहीतर दीडशे म्हणणार होते."

शेवटी अडीचशेला जमतं, आणि अडीचशेलाच जमणार हे आम्हा दोघांनाही पहिल्यापासून माहीत असतं. कामानिमित्त जिथे जिथे गेले तिथेही हेच केलं. मुंबईत कुलाबा कॉजवे, दिल्लीत जनपथ, जयपूरला जोहरी बाजार. क्लायंटची मीटिंग काय झाली ते आठवत नाही, पण जनपथवर फुटपाथवर बसलेल्या आजीकडून घेतलेला कवड्यांचा हार कुठल्या साली घेतला ते सांगू शकते. (२०१२. शीट आहे ना!)

ज्यांना नव्याने नाद लागलाय त्यांच्यासाठी ठेच खाऊन आलेलं थोडं शहाणपण. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. नावाला फसू नका. तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. यातलं निकेल बऱ्याच जणांच्या कातडीला सोसत नाही. कान लाल होतो, खाजतो, चिघळतो. युरोपात अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूंमधून किती निकेल बाहेर पडलेलं चालेल याचा नियम १९९४ पासून आहे. माझे कान एकदा असे चिघळले की आठवडाभर हेडफोन लावता आला नाही. तेव्हापासून मी सराफाकडून साध्या चांदीच्या तारा आणते आणि छोट्या पकडीने प्रत्येक झुमक्याचा मूळचा हूक काढून ती तार घालते. पाच मिनिटांचं काम. दुसरं, अत्तर-परफ्यूम आधी, दागिना शेवटी. तिसरं, ऑक्सिडाइज्ड दागिने घासायचे नाहीत. तो काळेपणा हेच त्याचं रूप. आमच्या आईने एकदा माझ्यावरच्या मायेने माझे जयपूरचे झुमके चिंच लावून लख्ख घासून ठेवले होते. कुठून तरी स्टीलच्या डब्याची झाकणं आणल्यासारखे दिसत होते!

तर ही आई गेल्या डिसेंबरात मावसबहिणीच्या लग्नासाठी इचलकरंजीहून माझ्याकडे आली. दुपारी मी असाच पसारा मांडून उद्या काय घालायचं ते ठरवत होते. आई शेजारी बसून एकेक वस्तू उचलून बघत होती. वजन करावं तशी तळहातावर झुलवून बघायची आणि ठेवून द्यायची. बऱ्याच वेळाने म्हणाली,

"एवढं सगळं मोडलं तर किती येतील गं?"

"शून्य," मी म्हटलं.

आई काही बोलली नाही.

आता 'मोडणे' या शब्दाबद्दल. आपल्याकडे बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. मंगळसूत्र तुटत नाही, तेही वाढतं. कुंकवाचा करंडा संपत नाही. अशुभ उच्चारायचंच नाही म्हणून भाषेने केवढी काळजी घेतली आहे! पण सोन्याचा दागिना विकायची वेळ आली की मात्र सरळ म्हणतात, मोडला. तिथे काही पांघरूण नाही.

२००३ चा जून. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. बाबांचे चार यंत्रमाग होते आणि त्या वर्षी त्यातले दोन बंदच होते. फी भरायची शेवटची तारीख तीन दिवसांवर. आई मला म्हणाली, चल जरा बाजारात जाऊन येऊ. मला वाटलं भाजीला. आम्ही सराफाच्या दुकानात गेलो. आईच्या हातात लग्नातल्या पाटल्या होत्या, दोन मिळून चार तोळ्यांच्या. वीस वर्षांत त्या एकदाही निघाल्या नव्हत्या आणि आता निघेनात. हात धुण्याभांडी घासण्याने जाड झाले होते. सराफांनी नोकराला सांगून आत मोरीत साबण दिला. आई मोरीत उकिडवी बसून मनगटाला साबण चोळत होती आणि मी दारात उभी राहून बघत होते. पहिली निघाली. दुसरीच्या वेळी तिने मला ओढायला सांगितलं.

मी ओढली. निघाली.

मग कसोटीच्या दगडावर घासणं, वजन, घट वजा. भाव तेव्हा तोळ्याला साडेपाच हजारांच्या आसपास. हातात वीस हजार आणि वर थोडे आले. येताना आईने खरंच भाजी घेतली. पिशवी धरलेल्या तिच्या मनगटावर पाटल्यांच्या जागी गोरा पट्टा दिसत होता. तो जायला दोन वर्षं लागली.

मला सोनं का आवडत नाही हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. 'ओल्ड फॅशन्ड वाटतं', 'सांभाळायची कटकट' असलं काहीतरी सांगायचे. पहिला पगार झाला तेव्हा सगळ्या मैत्रिणींनी आईला सोन्याचं काहीतरी घेतलं आणि मी तुळशीबागेत जाऊन स्वतःला एकशेवीस रुपयांचे झुमके घेतले. घरी येऊन आरशात बघितलं आणि रडले. आता कळतं. या झुमक्यांवर कुणाचाही डोळा नव्हता. ते कुणाची फी भरू शकत नव्हते. कुठलाही सराफ त्यांना दगडावर घासणार नव्हता. ते फक्त माझ्या कानात लटकून मजा करायला जन्माला आले होते.

पाटल्यांचं कर्ज मात्र डोक्यात होतंच. २०१६ मध्ये मी चार तोळ्यांच्या पाटल्या केल्या. घडणावळ धरून सव्वा लाखाच्या वर गेलं. २२ कॅरेट, हॉलमार्क, ९१६ चा शिक्का. आईने हातात घालून बघितल्या, बाबांना दाखवल्या, देवापुढे ठेवल्या आणि पुढच्या सोमवारी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून आली. मी भयंकर चिडले. घालायच्या नव्हत्या तर सांगायचं होतं! दर सणाला मी विचारायची, पाटल्या काढल्यास का? दर सणाला तिचं उत्तर, "असू देत गं, तिथं बऱ्या आहेत."

मग आलं २०२३. आमच्या क्षेत्रात त्या वर्षी काय चाललं होतं ते तुम्हाला सांगायला नको. माझा प्रोजेक्ट बंद झाला आणि मी सात आठवडे बेंचवर होते. दर शुक्रवारी कुणाचं तरी निरोपाचं मेल यायचं. फ्लॅटचा हप्ता चालू. एका रात्री झोप येईना म्हणून मी ती एक्सेल शीट उघडली आणि 'कितीला' या रकान्याची बेरीज केली. ९३ हजार. मोडीत किंमत शून्य. इतकी वर्षं ज्याचा अभिमान होता तेच त्या रात्री अंगावर आलं. दुसऱ्या दिवशी आईशी बोलताना आवाजावरून तिला कळलंच. मी काहीबाही सांगत होते. तिने मधेच तोडलं.

"हप्त्याचं बघू नकोस. पाटल्या आहेत."

पाटल्या आहेत! सात वर्षं त्या लॉकरमध्ये कुणासाठी बसल्या होत्या ते मला तेव्हा कळलं. मी दिलेली वस्तू तिने घेतलीच नव्हती. फक्त सांभाळायला ठेवली होती. माझ्यासाठी.

सुदैवाने मोडाव्या लागल्या नाहीत. आठव्या आठवड्यात नवीन प्रोजेक्ट मिळाला. पाटल्या अजून लॉकरमध्येच आहेत. आज तेवढ्या सोन्याचे चार लाखांच्या वर होतात. पण त्यानंतर मी आईला कधी विचारलं नाही, का घालत नाहीस म्हणून.

तर पुन्हा त्या डिसेंबरातल्या दुपारी. 'शून्य' ऐकून आई थोडा वेळ गप्प बसली. मला वाटलं आता व्याख्यान येणार. तिने ढिगातून एक कडं उचललं. कुलाब्याचं, ऑक्सिडाइज्ड, बोटभर रुंद, वर दोन मोर समोरासमोर. मनगटावर चढवलं, तोंड उघडं असल्याने ते सहज गेलं. हात लांब करून बघितला.

"हे उद्या मी घालतो." आमच्याकडे बायका अशाच बोलतात. मग जरा थांबून, "हरवलं तर चालतंय न्हवं?"

"चालतंय," मी म्हटलं.

लग्नात मी तिला लांबून बघत होते. एरवी कार्यात आईचा एक हात कायम गळ्याशी किंवा मनगटाशी. आहे ना, आहे ना, असं चाचपत. त्या दिवशी तिचे दोन्ही हात मोकळे होते. बोलताना हवेत जात होते. कुणीतरी कड्याचं कौतुक केलं तेव्हा तिने हात पुढे करून मोर दाखवले आणि हसली. एकसष्ट वर्षांची बाई, दागिना घालून निर्धास्त. मी पहिल्यांदाच पाहिली.

जाताना तिने कडं परत दिलं नाही, मीही मागितलं नाही. परवा फोनवर म्हणत होती की भिशीला घालून गेले होते, दोघींनी विचारलं कुठून आणलं.

असो. मशीन थांबलंय, कपडे वाळत घालायला हवेत. आधी शीट अपडेट केली. कडी आणि बांगड्या : ३४. कुलाब्याचं ते कडं यात धरलेलं नाही. त्याच्यापुढे 'शेवटचं कधी घातलं' या रकान्यात मी लिहिलंय, 'आईला विचारा'.