मृगातला धुरकट ठिपका

जून महिन्यात ‘मृग लागला’ म्हणत शेतकरी आभाळाकडे डोळे लावतात. पण तेव्हा मृगाचे तारे दिसतात का? नाही! सूर्य त्याच भागात असतो, म्हणून ते दिवसा डोक्यावर असतात. मृग बघायचा तर थंडीतच. म्हणूनच जानेवारीतली अमावास्या गाठून मी भाच्याला घेऊन रतनवाडीला गेलो.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या टोकाला आणि रतनगडाच्या पायथ्याशी हे गाव आहे. जेवणं झाली. ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्या काकांनी आमच्यासाठी अंगणातला दिवा मालवला. अहाहा! आभाळ चांदण्यांनी नुसतं गच्च भरलं होतं.

मृग ओळखणं सोपं. चार पायांचे चार तारे आणि मध्ये व्याधाचा बाण, म्हणजे ओळीतले तीन तारे. बाणाच्या दक्षिणेला बारीक ताऱ्यांची एक छोटी ओळ दिसते. तिच्यातला मधला ठिपका नीट बघा. तो निव्वळ तारा नाही, तो आहे तेजोमेघ, एम ४२.

भाच्याने द्विनेत्री डोळ्यांना लावली आणि त्याचा चेहराच पडला. “मामा, एवढंच? पुस्तकात तर लालभडक होता. हा नुसता राखाडी धूर!”

त्याचं खरं होतं. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत. तिथे नवे, अतितप्त तारे जन्मले आहेत. त्यांच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन सुटतो आणि पुन्हा पकडला जाताना लाल प्रकाश बाहेर पडतो. तो टिपायला कॅमेराच हवा.

ट्रायपॉडवर कॅमेरा लावून आम्ही ३० सेकंदांचा फोटो काढला. ताऱ्यांच्या झाल्या रेघा! पृथ्वी फिरते ना! मग ५० मिलिमीटरच्या भिंगाने ८-८ सेकंदांचे ६० फोटो काढले. बोटं गारठली, पण भाचा हलेना. घरी संगणकावर ते एकावर एक जुळवले, तेव्हा कुठे गुलाबी पाकळी उमलली.

१८८० मध्ये हेन्री ड्रेपर यांनी या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला, तोही ५१ मिनिटं प्रकाश साठवून! पुढे १८९० च्या सुमारास आपल्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातले कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी याच्या प्रकाशातली हिरवी रेघ अभ्यासली. ती कोणत्या मूलद्रव्याची, हे कोडंच होतं. ती ऑक्सिजनची, हे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं.

हा मेघ सुमारे १३०० प्रकाशवर्षं दूर आहे. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर हजार वर्षांहून जुनं मानतात. म्हणजे आमच्या डोळ्यांत शिरलेला प्रकाश मंदिर बांधायच्याही आधी निघाला असणार!

शहरात परतल्यावर भाचा गच्चीवर धावला. बाणाचे तीन तारे दिसले, खालचा ठिपका मात्र दिव्यांच्या झगमगाटात हरवला होता. तो काही न बोलता खाली गेला आणि आमच्या गच्चीवरचा दिवा बंद करून आला. ठिपका दिसला नाहीच. पण दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या काकूंकडे गेला, “आज रात्री तासभर तुमचाही दिवा बंद ठेवाल का?” असं विचारायला.

तुमच्या गच्चीवरून तो ठिपका दिसतो का? चंद्र नसलेली रात्र गाठा आणि बघण्याआधी वीस मिनिटं अंधारात बसा.