मन्याडच्या खोऱ्यात

आमच्या घरी एक पितळी तांब्या आहे. त्याचे पोट एका बाजूने चेपलेले आहे आणि काठाला बारीक चीर आहे. त्यात पाणी ठेवले तर सकाळपर्यंत अर्धे होते. तरी दादी तो रोज चिंच आणि राख लावून घासायची आणि कपाटावर पालथा घालायची. कोणी विचारले, की एवढेच म्हणायची, "अमानत है रे. लौटाना है."

या अमानतीची हकीकत दादीकडून मी अनेकदा ऐकली होती. तिचे वडील पिंजारी होते. गावोगाव फिरून कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, हा त्यांचा धंदा. १९४८ साल आमच्या मराठवाड्याला फार जड गेले. हा सारा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आधी रझाकारांच्या जुलमाने खेडी होरपळली. मग सप्टेंबरात भारताच्या फौजा आल्या आणि १७ तारखेला संस्थान निजामाच्या हातून सुटले. पण त्या गोंधळाच्या दिवसांत काही ठिकाणी लोकांनी सूड उगवला, आणि ज्यांनी कोणाचे काही बिघडवले नव्हते, अशी मुसलमान कुटुंबेही त्यात सापडली. दादी तेव्हा दहा वर्षांची होती. आईवडिलांबरोबर ती कंधारच्या नातेवाइकांकडे निघाली होती. वाटेत मन्याड नदी आडवी आली. नदीला पूर होता. पुढे पाणी आणि मागे भीती!

नदीकाठच्या गावातल्या एका शेतकऱ्याने त्यांना आपल्या बळदात लपवले. माळवदाच्या घरात भिंतीच्या आत धान्याची कोठी केलेली असते, तिला बळद म्हणतात. तिघांना बसता यावे म्हणून त्या घरच्या माणसांनी रातोरात बळदातली ज्वारी उपसून पोती भरली. नऊ दिवस ही तिघे त्या अंधारात राहिली. नवव्या दिवशी नदी उतरली. शेतकऱ्याने दादीला खांद्यावर बसवून पाण्यातून पलीकडे नेले. निघताना त्याच्या बायकोने फडक्यात धपाटे बांधून दिले, पाण्याने भरलेला तांब्या दिला आणि सांगितले, "परत येशील तवा आणून दे."

परत जाणे झाले नाही. वडील लातूरला आले, मग दादीचे लग्न, मग आम्ही सगळे. गावाचे नाव तिला सांगता येत नसे. नदीकाठचे गाव, पारासमोरचे घर, एवढेच तिला आठवे.

तांब्याच्या गळ्याशी मात्र बारीक टिंबांनी कोरलेली अक्षरे होती. आमच्या घरात सगळे उर्दू शिकलेले, मराठी वाचणारे कोणी नव्हते. मी पाचवीत गेलो तेव्हा दादीने तांब्या माझ्या मांडीवर ठेवला. "तू मराठी सीखता ना? पढ." बरीच अक्षरे झिजली होती. मी एकेक अक्षर लावत गेलो. 'बाई' असे स्पष्ट दिसले. पुढे शेवटी 'गाव' होते आणि त्याच्या आधी 'क'. दादीने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. माझे मराठी घरात कोणाच्या कामी आले, असा तो पहिला दिवस.

दादीला जाऊन आता सहा वर्षे झाली. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत अब्बांनी एका सकाळी तांब्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "चल, कंधारला जाऊन येऊ." मी मनात म्हटले, नुसत्या 'बाई'वर आणि 'गाव'वर घर कसे सापडायचे? प्रत्येक घरात बाई आणि दर दुसरे गाव 'गाव'च! पण अब्बांना तसे सांगण्याची हिंमत झाली नाही. शिवाय खरे सांगायचे तर मला कंधारचा किल्ला पाहायचा होता. इतिहास शिकवतो आणि शेजारचा किल्ला पाहिलेला नाही, ही गोष्ट मला टोचत असे.

कंधार हे नाव पुष्कळांना चकवते. अफगाणिस्तानात कंदाहार आहे आणि उर्दू-फारसी पुस्तकांत दोन्ही नावे बहुधा एकसारखीच लिहिलेली असतात. १९९९ च्या डिसेंबरात भारताचे विमान पळवून कंदाहारला नेले, तेव्हा रेडिओवरची बातमी ऐकून दादी म्हणाली होती, "अपने कंधार में विमान उतरने को जगह कहाँ है?" आमचे कंधार नांदेड जिल्ह्यातले, मन्याडच्या काठचे.

लातूरहून आम्ही एस. टी. ने निघालो. चाकूर गेले, अहमदपूर गेले. पुढे माळेगाव लागले. मार्गशीर्षात खंडोबाची मोठी जत्रा भरते, घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार भरतो, तेच हे माळेगाव. आम्ही गेलो तेव्हा मैदान रिकामे होते. गाडी थांबली तेवढ्यात आम्ही एका टपरीवर चहा घेतला. लोह्याहून कंधारची गाडी धरली.

पावसाळा नुकताच सरला होता. बालाघाटचे डोंगर म्हणजे काही सह्याद्रीसारखे उंच कडे नव्हेत. ते बसक्या पाठीचे, वरून सपाट आणि बाजूंनी उतरते आहेत. उतारावर सीताफळाची झुडपे, मध्येच पळस, आणि खाली काळ्या रानात गुडघाभर ज्वारी, तुरीला पिवळा फुलोरा. या डोंगरांतून मन्याड वळणे घेत येते. तिलाच मानार असेही म्हणतात. ती मांजरेला मिळते आणि मांजरा तेलंगणात कंदकुर्तीजवळ गोदावरीला. उन्हाळ्यात इथे सगळे करडे होऊन जाते. पण त्या दिवशी खिडकीतून नजर निघेना. "अम्माने हे हिरवे पाहिलेच नसेल," अब्बा म्हणाले. "तिने पाहिला तो पूर आणि अंधार."

कंधारला उतरल्यावर अब्बांनी आधी दर्ग्याची वाट धरली. हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा हा दर्गा. त्याच्यामुळे आमच्याकडचे जुने लोक गावाला 'कंधार शरीफ' म्हणतात. सय्याह म्हणजे खूप प्रवास केलेला माणूस, हे उर्दू शिकणाऱ्यांना सांगायला नको. उरुसाला इथे सगळ्या जातिधर्मांचे लोक येतात. फातेहा पढून आम्ही किल्ल्याकडे वळलो.

हा किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवर आहे. अशा किल्ल्याला भुईकोट म्हणतात. डोंगराचा आधार नाही, म्हणून सगळा भरवसा तटावर आणि पाण्यावर. तटाभोवती रुंद खंदक आहे आणि आम्ही गेलो तेव्हा त्यात हिरवट पाणी होते. कडेला एक खंड्या बसला होता. त्याने सूर मारला आणि मासा घेऊन तो तटाच्या भेगेत गेला. मी बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिलो. अब्बा पुढे निघून गेले.

राष्ट्रकूटांच्या काळात कंधार हे मोठे नगर होते. वेरूळचे कैलास लेणे ज्यांनी खोदवले, तेच हे राष्ट्रकूट. त्यांच्या बिरुदांत 'लट्टलूरपुरवराधीश्वर' असे एक बिरुद आहे. लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. किल्ल्याची सुरुवात तिसऱ्या कृष्णाच्या वेळची, म्हणजे दहाव्या शतकातली सांगतात. गावाजवळ एक विस्तीर्ण तलाव आहे, त्याचे जुने नाव जगत्तुंग समुद्र. जगत्तुंग ही राष्ट्रकूट राजांची पदवी. समुद्र इथून शेकडो मैल दूर, पण पाऊस कमी पडणाऱ्या मुलखात एवढे पाणी एका ठिकाणी साठले, म्हणजे लोकांना तो समुद्रच वाटला असणार. खंदकात पाणी येते ते या तलावातून, असे तिथले लोक सांगतात.

राष्ट्रकूट गेले. मग दिल्लीचे सुलतान, बहमनी, अहमदनगरची निजामशाही असे एकामागून एक आले. प्रत्येकाने तट वाढवले, दरवाजे बांधले, महाल उठवले. १६३१ मध्ये शाहजहानच्या फौजेने निजामशाहीकडून हा किल्ला घेतला. 'बादशाहनामा' या ग्रंथाच्या सचित्र प्रतीत त्या वेढ्याचे चित्र आहे. ती प्रत आज इंग्लंडमध्ये विंडसर इथल्या राजवाड्याच्या संग्रहात आहे. हैदराबादच्या निजामांकडे हा मुलूख गेला तो त्यानंतर. राज्ये बदलत गेली, पण पाणी कोणी मोडले नाही. मोडून चालणारच नव्हते.

आत गेलो तेव्हा अब्बा एका दगडावरच्या फारसी ओळींसमोर उभे होते. ते बोट फिरवत अडखळत वाचत होते. काही शब्द लागले, बरेच लागले नाहीत. परिसरात सापडलेल्या जुन्या मूर्तींचे तुकडेही आम्ही पाहिले. कोणाचे हात नव्हते, कोणाचे डोके नव्हते. कॉलेजातली काही मुले तिथे फोटो काढत होती. त्यांच्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "हा किल्ला आपला की त्यांचा रे?" अब्बांनी मागे वळून पाहिले, पण बोलले काही नाहीत. मला उत्तर द्यावेसे वाटले. पण मास्तरकी घरी ठेवून आलो होतो, आणि पोटात भूक होती.

दुपारी लिंबोटीकडे निघालो. मन्याडवर लिंबोटीला आता धरण आहे. डोंगरांच्या मध्ये पाणी दूरवर पसरले होते. वाऱ्याने त्यावर बारीक लाटा उठत होत्या आणि पलीकडचा काठ धूसर दिसत होता. दादी सांगायची तो उतार, ती वाळू, ते काठचे गाव शोधायचे कुठे? काठावर एक म्हातारे गृहस्थ शेरडे चारत होते.

"कुणाकडं आलाव?" त्यांनी विचारले.

अब्बांनी पिशवीतून तांब्या काढला आणि सगळी हकीकत सांगितली. म्हाताऱ्याने तांब्या हातात घेऊन उलटापालटा केला. "जुना माल हाय. पर क-गाव म्हंजी कोनतं? तसलं गाव काय आमच्या ध्यानात येईना." थोडे थांबून त्यांनी काठीने पाण्याकडे दाखवले. "काठची जुनी घरं पान्यात गेली. लोक वर माळावर ऱ्हायला आले. कुनी नांदेडला गेलं, कुनी लातूरला, कुनी पुन्याला. उन्हाळ्यात पानी उतरलं की जुने पार उघडे पडत्यात. तवा या."

ते आम्हांला माळावरच्या आपल्या घरी घेऊन गेले. घर सिमेंटचे होते, वर पत्रे. अशा घरात बळद कुठून असणार? त्यांच्या सूनबाईंनी धपाटे आणि दही समोर ठेवले. अब्बांनी पहिला घास घेतला आणि ते थांबले. दादी लातूरला धपाटे करायची, ओवा जरा जास्त घालून. मी विचारले, "तशीच चव आहे का?" अब्बा म्हणाले, "ओवा तेवढाच आहे. मीठ मात्र जास्त." सूनबाई आतून हसल्या. निघताना अब्बांनी विचारले, तांब्या इथेच ठेवू का? म्हाताऱ्याने हात जोडले. "आमचा न्हाई तो, भाई. आमी कसा ठिवून घ्यावा?"

तांब्या परत लातूरला आला.

सुट्टीनंतर मी तो एकदा वर्गात नेला. आठवीला 'ळ' शिकवताना दरवर्षी माझी दमछाक होते. उर्दूत हा उच्चार नाही. मुले 'काळा'चा 'काला' करतात आणि 'शाळा'ची 'शाला'. त्या दिवशी कंटाळलेल्या वर्गाला मी तांब्याची गोष्ट सांगितली आणि तांब्या बाकांवरून फिरवला. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने तो बराच वेळ सोडला नाही. तिने फळ्याखालची खडूची भुकटी बोटाने तांब्याच्या गळ्यावर चोळली आणि वरून फडके फिरवले. झिजलेल्या टिंबांत पांढरी भुकटी भरली.

"सर, हा 'क' नाही. मधली दांडी कुठे आहे? हा 'ळ' आहे."

मी तांब्या खिडकीशी नेला. खरेच 'ळ' होता. पाचवीतल्या एका मुलाला 'ळ' नीट ओळखता येत नव्हता. पुढे तो मुलगा मराठी शिकवू लागला, तरी आपलेच जुने वाचन त्याने कधी पुन्हा तपासले नाही. आणि त्या 'क'च्या भरवशावर आम्ही बापलेक मन्याडकाठी विचारत फिरलो होतो!

वर्गात एकच गलका झाला. "जळगाव, सर!" कोणी ओरडले आणि सगळे हसले. "पिंपळगाव!" "माळेगाव!" "सर, आधीचे अक्षर वाचू द्या ना!" आधीचे अक्षर मात्र भुकटीनेही लागले नाही. तिथे पितळ पार गुळगुळीत झाले आहे. दादीची रोजची राख आणि चिंच, दुसरे काय!

संध्याकाळी मी अब्बांना सांगितले. त्यांनी तांब्या चष्म्याजवळ धरला. पांढऱ्या अक्षरावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि मग भुकटी पुसली जाईल म्हणून चटकन हात काढून घेतला.

"अम्मा त्या पारावरचे झाड कोणते सांगायची?" त्यांनी विचारले. "पिंपळ की वड?"

मला आठवेना. त्यांनाही आठवत नव्हते. अब्बांनी कॅलेंडर काढले आणि मे महिन्याचे पान उघडले.