मूलकाचा माग

साहित्याच्या वर्गात 'प्रतिक्रिया' हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारला जातो. विद्यार्थी कवितेवर प्रतिक्रिया देतो, समीक्षक कादंबरीवर देतो. पण ती किती वेगाने झाली, हे विचारण्याची आमच्याकडे रीत नाही. रसायनशास्त्रात मात्र हा प्रश्न विचारणारी एक स्वतंत्र शाखाच आहे. देवगाव रंगारीसारख्या गावातील महाविद्यालयात कला आणि विज्ञान यांचे वर्ग एकमेकांना लागून असतात. शेजारच्या भिंतीपलीकडे काय शिकवले जाते, या कुतूहलापोटी आम्ही जे वाचत गेलो, त्यातील एका विषयाने आम्हांला बराच काळ धरून ठेवले: वायुरूपातील मूलके आणि लहान अल्कोहोले यांच्या विक्रियांचा वेग कसा मोजतात?

ज्या अणूजवळ वा अणुसमूहाजवळ एखादा इलेक्ट्रॉन जोडीदारावाचून उरलेला असतो, ते मूलक. हवेतील सर्वांत कर्तबगार मूलक म्हणजे हायड्रॉक्सिल. ऑक्सिजनचा एक अणू आणि हायड्रोजनचा एक, एवढाच त्याचा संसार. ओझोन, ऊन आणि बाष्प यांतून ते जन्मते आणि साधारण सेकंदभरात कोणाशी तरी विक्रिया करून संपते. भरदुपारीसुद्धा हवेच्या सुमारे दहा लक्ष कोटी रेणूंमागे एखादे मूलक, इतकी त्याची विरळ वस्ती. तरीही आपण हवेत सोडतो त्यांपैकी बहुतेक वायूंची विल्हेवाट तेच लावते. त्याचे हे महत्त्व १९७१ मध्ये हायरम लेव्ही यांनी दाखवून दिले.

जे क्षणात नाहीसे होते, ते मोजायचे कसे? १९४९ च्या सुमारास केंब्रिजमध्ये नॉरिश आणि पोर्टर यांनी वाट काढली: प्रकाशाच्या एका झोताने मूलके निर्माण करायची आणि क्षणार्धाने दुसऱ्या झोताने ती किती उरली ते पाहायचे. १९६७ च्या नोबेल पारितोषिकात दोघांचाही वाटा होता. पुढे दिव्यांच्या जागी लेसर आले. हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ एका लेसरने फोडली की हायड्रॉक्सिल मिळते. दुसऱ्या लेसरने ते उजळते आणि त्या उजेडाच्या तीव्रतेवरून त्याची संख्या कळते. अल्कोहोल मूलकांच्या मानाने इतके अधिक ठेवतात, की विक्रियेत त्याचे प्रमाण जवळजवळ बदलतच नाही. मग दोन झोतांमधील अंतर वाढवत जायचे आणि उजेड कसा मावळतो ते टिपायचे. अल्कोहोलचे प्रमाण वाढवले की मावळणे शीघ्र होते. त्या वाढीच्या चढावरून वेगस्थिरांक हाती येतो. येथे मूलकाचे 'दर्शन' असे कधी होतच नाही. त्याच्या ओसरण्याचा माग तेवढा काढता येतो.

हे काम महाराष्ट्रातही झालेले आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी ॲलिल आणि प्रॉपर्जिल या दोन अल्कोहोलांशी होणाऱ्या हायड्रॉक्सिलच्या विक्रिया याच पद्धतीने मोजून २००१ मध्ये प्रसिद्ध केल्या. पहिल्याचा वेग दुसऱ्याच्या सुमारे चौपट निघाला. दोन्हींत कार्बनचे अणू तीनच. फरक आहे तो बंधांचा. एकात दुहेरी, दुसऱ्यात तिहेरी.

योगायोग असा, की त्याच २००१ साली मनमाड आणि मिरज येथे पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक काम सुरू झाले. मनमाड आमच्यापासून फार दूर नाही. २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. उसाच्या फडातून निघालेला हा रेणू हवेत गेला की त्याची गाठ हायड्रॉक्सिलशीच पडते. मिथेनॉलपेक्षा साधारण साडेतीनपट वेगाने तो त्याच्याशी विक्रिया करतो. म्हणून मिथेनॉल हवेत बारा-तेरा दिवस टिकते, तर इथेनॉल तीन-चार दिवसच. ते संपताना मागे प्रामुख्याने ॲसिटाल्डिहाइड ठेवून जाते, आणि तो पदार्थ निरुपद्रवी नाही. वेगस्थिरांकाचा तो रुक्ष आकडा असा आमच्या श्वासापर्यंत येऊन पोहोचतो.

आमच्यासारख्यांना सर्वांत अंतर्मुख करणारा भाग मात्र पुढचा आहे. थंडीत विक्रिया मंदावतात, हा सर्वमान्य नियम. या नियमाने पाहता ताऱ्यांमधील थंड अवकाशात मिथेनॉल आणि हायड्रॉक्सिल यांची विक्रिया जवळजवळ थांबलेली असायला हवी होती. २०१३ मध्ये लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी ती उणे २१० अंश सेल्सिअसला मोजली. तेव्हा उणे सत्तरच्या आसपासच्या वेगाहून ती जवळपास शंभरपट जलद निघाली! दोन्ही रेणू थंडीत एकमेकांना सैलसर धरून राहतात, आणि तेवढ्या अवधीत हायड्रोजनचा अणू ऊर्जेचा डोंगर न चढता त्यातून आरपार निघतो. पुंजभौतिकीत हे बसते. नियमाची रेघ पुढे ओढून ते कळले नसते. मोजावेच लागले.

साहित्यसमीक्षेत अशा ओढलेल्या रेघा आम्ही पुष्कळ पाहतो. एका कालखंडाच्या, एका प्रदेशाच्या वाचनातून सिद्धान्त बांधायचा आणि न वाचलेल्या प्रदेशावर तो निःशंकपणे लादायचा. मराठवाड्यातील लेखनाच्या वाट्याला हे पुष्कळदा आले आहे: मुंबई-पुण्याच्या तापमानात ठरलेला नियम येथेही लागू आहे, असे गृहीत धरून. येथील वाचक एखाद्या पुस्तकापाशी किती रेंगाळतो, त्या रेंगाळण्यात काय आरपार जाते, याचा माग कोणी काढला आहे?

'मूलक', 'विक्रिया', 'वेगस्थिरांक' हे शब्द मराठीत केव्हाच घडवले गेले आणि कोशांत सुखरूप आहेत. परंतु शब्दाचेही मूलकासारखेच असावे: कोणाशी तरी गाठ पडल्याखेरीज त्याचे असणे कळत नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंचे विद्यार्थी हे शब्द एकमेकांशी बोलताना वापरू लागतील, तेव्हाच ते जिवंत आहेत असे म्हणता येईल. ते घडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.