दोरी कुठे तुटावी

गळाच्या दोरीची जाडी दुकानात ठरत नाही, पाण्याच्या तळाशी ठरते. खानदेशात हे चांगलं कळतं. हतनूर धरणाच्या फुगवट्यात, तापी-पूर्णेच्या बाजूला, गाळ आणि पाणवनस्पती. धुळ्याहून पांझरेच्या काठाने साक्रीकडे वर जावं, तर काळा, धारेचा बेसाल्ट. दोन्हीकडे एकच दोरी चालवायची म्हटलं, तर कुठेतरी मासा किंवा दोरी गमवावीच लागते.

मी वापरतो ती दोरी ‘ब्रेड’, म्हणजे पॉलिइथिलीनच्या अतिशय बारीक धाग्यांची वेणी, बहुधा चार किंवा आठ पदरांची. तिच्या जाडीसाठी जपानी पद्धतीचा ‘पीई’ नंबर वापरतात. पीई 1 म्हणजे 200 डेनियर. 9000 मीटर दोरीचं वजन 200 ग्रॅम, जाडी सुमारे 0.165 मिलिमीटर. आपल्या कापसाच्या मुलखात सुताचा नंबर चढला की सूत बारीक होतं. इथे नंबर चढला की दोरी जाड होते. पीई 2 साधारण 0.235 मिलिमीटरची. तेवढ्याच जाडीच्या तंगुसाच्या, म्हणजे एकाच धाग्याच्या नायलॉन दोरीच्या, जवळपास तिप्पट ताण ती सोसते. शिवाय ती फारशी ताणली जात नाही, त्यामुळे आमिषाला लागलेलं माशाचं तोंड बोटाला लगेच कळतं.

उघड्या पाण्यात रोहू-कटल्यासाठी मी पीई 1.5 किंवा 2 च्या पुढे जात नाही. बारीक दोरी लांब पडते, वाऱ्यात कमी भरकटते, आणि रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना होणारा अटकाव, नीट लावला तर मोठा मासाही दमवता येतो. मरळीला अशी सवड देता येत नाही. आमिष घेतलं की ती थेट वनस्पतीत शिरते. तिथे पीई 4 हवी. ती देठ कापत येते आणि मासा ओढून काढता येतो.

खडकात मात्र नुसती जाडी वाढवून भागत नाही. ताणलेली ब्रेड दगडाच्या धारेवर घासली की तिचे तंतू झपाट्याने तुटतात. म्हणून गळाकडे वाव-दीड वाव तंगुसाचा तुकडा, म्हणजे लीडर, जोडावा. तो ब्रेडच्या दीडपट जाड असावा, म्हणजे घासणं सोसेल. पण ताकदीला ब्रेडपेक्षा कमीच असावा. गाठ ओली करून आवळावी, कारण कोरड्या गाठीत घर्षणाच्या उष्णतेने ब्रेड दुबळी होते.

लीडर कमी ताकदीचा ठेवण्याला माझ्या लेखी सगळ्यात जास्त महत्त्व आहे. गळ कधीतरी अडकणारच आणि दोरी तुटणारच. ती गळाजवळ तुटली तर पाण्यात हातभर तंगूस राहतो. रिळाजवळ तुटली तर लांबच लांब ब्रेड राहते, आणि ती वर्षानुवर्षं कुजत नाही. हतनूरला हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी उतरतात. अशी दोरी पायात गुंतली तर पक्षी जिवानिशी जातो.

तेव्हा जाडी निवडताना मासा किती मोठा मिळेल याच्या आधी दोरी कुठे तुटेल याचा विचार करा. आणि कापलेले तुकडे, कितीही लहान असले तरी, खिशात घालून घरी आणा.